घाटात गाडी शिंकते की फटाके फोडते?

या वेळचं पत्र सोलापूरच्या अशोक चौकाजवळच्या एका वाचकाचं आहे. थोडं आटोपतं करून देतो.

"मेस्त्री काका, नमस्कार. माझी १५० सीसीची गाडी ११ वर्षांची आहे. कार्बोरेटरवाली, एका प्लगची, ७८ हजार किलोमीटर झालेली. आमचा शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा घरगुती धंदा आहे. आठवड्यातले चार दिवस मागं दोन खोकी बांधून तुळजापूरच्या दुकानांत माल पोचवतो. तीन आठवड्यांपासून जोरात मूठ पिळली की गाडी फट्-फट् करते, दचके देते, ओढत नाही. गावात सात रस्ता, पार्क चौक, कुठंच त्रास नाही. तामलवाडीकडं ट्रकला ओलांडायला गेलो की सुरू, आणि घाटात तर फारच. सकाळी चोक ओढून निघतो तेव्हा पहिली दोन-तीन किलोमीटर मात्र मस्त जाते. एका मेस्त्रीनं प्लग बदलला. आठ दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुसरा म्हणतो कार्बोरेटर नवाच टाका. मित्र म्हणतो सायलेन्सरच्या आतली जाळी काढून टाक. खर्च बेतानं करायचाय. आधी काय करू?"

भाऊ, आधी काहीच विकत घेऊ नका. तुमच्या पत्रात दोन वाक्यं अशी आहेत की त्यांच्यावरून निम्मं निदान होतं, आणि तुम्ही ती जाता जाता लिहून टाकली आहेत. एक, चोक, म्हणजे गार गाडी सुरू करताना जादा पेट्रोल देणारा खटका, ओढलेला असताना गाडी छान जाते. दुसरं, नवा प्लग टाकल्यावर आठ दिवस बरं वाटलं. गाडी हातात न घेता मला जे सांगता येईल ते या दोन वाक्यांच्या आधारानंच सांगतो.

त्याआधी आवाज नेमका कुठून येतो ते ठरवा. 'फटाके फोडते' असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन वेगळे आजार येतात. एक आवाज टाकीच्या खालून, मांडीजवळून येतो. तो कोरडा असतो, 'फुस्-फट्' असा, माणूस शिंकावा तसा. म्हणूनच गॅरेजमध्ये 'कार्बोरेटर शिंकतोय' म्हणतात. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. दुसरा मागून, सायलेन्सरच्या तोंडातून येतो आणि 'ठो' असा घुमतो. हेल्मेट घालून घाटात हे ओळखू येत नाही. म्हणून एखाद्या दिवशी माल उतरवल्यावर मागं कुणाला तरी बसवा आणि त्यालाच कान देऊन ऐकायला सांगा. मागच्या माणसाला हा फरक लगेच कळतो.

दोन्ही आवाजांची कारणं वेगळी आहेत, ती समजून घ्या. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पण घाटात किंवा ओलांडताना, इंजिनावर खरा भार येतो तेव्हा त्याला यापेक्षा पेट्रोल थोडं जास्तच हवं असतं. नेमकं त्याच वेळी पेट्रोल कमी पडलं तर मिश्रण कोरडं होतं. कोरडं मिश्रण सावकाश जळतं, इतकं सावकाश की धूर बाहेर टाकायचा एक्झॉस्टचा स्ट्रोक संपून मिश्रण आत घेणारा इनलेट व्हॉल्व्ह उघडायला लागला तरी आत ज्वाळा शिल्लक असते. ती उघड्या व्हॉल्व्हमधून आत येणाऱ्या ताज्या मिश्रणाला गाठते आणि कार्बोरेटरच्या तोंडाशी 'फट्' होतं. ही झाली शिंक.

मागचा 'ठो' निराळा. गाडीचं इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्या फिरत असेल तर सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा मिश्रण पेटायला हवं. त्यातली दोन-चार ठिणग्यांची वेळ चुकली, म्हणजे आपल्या भाषेत गाडी मिसिंग मारायला लागली, की न जळलेलं पेट्रोल तसंच तापलेल्या सायलेन्सरमध्ये जातं. पुढच्या जळत्या धुरानं ते तिथं पेटतं.

आता तुम्ही न विचारलेला, पण खरा कळीचा प्रश्न. गावात जी गाडी गुमान चालते ती घाटातच का अडते? हलक्या मुठीवर सिलिंडरमध्ये थोडंच मिश्रण येतं आणि दाबही कमी असतो. मूठ पूर्ण पिळली की सिलिंडर भरतो, दाब वाढतो, आणि त्या दाटीतून प्लगच्या फटीवर उडी मारायला ठिणगीला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. मिश्रण कोरडं असेल तर त्याहून जास्त. कमजोर कॉइल (तीच ठिणगीचं व्होल्टेज बनवते) किंवा चिरलेली प्लगची कॅप पार्क चौकात निभावून नेते आणि घाटात हात टेकते. पेट्रोलचंही तसंच आहे. टाकीच्या तळाच्या अर्धवट तुंबलेल्या जाळीतून गावापुरतं पेट्रोल येतं, घाटापुरतं येत नाही.

यातूनच तुमच्या प्लगचं कोडं सुटतं. नव्या प्लगच्या टोकाच्या कडा धारदार असतात आणि धारदार कडेवरून ठिणगी सहज उडते. म्हणून ठिणगी कमजोर असो की मिश्रण कोरडं, नव्या प्लगनं काही दिवस वेळ निघून जाते. कडा जरा झिजल्या की मूळ दुखणं पुन्हा वर येतं. त्या मेस्त्रीनं फसवलं असं समजू नका. प्लग बदलणं चूक नव्हतं, फक्त त्यावर थांबायला नको होतं.

म्हणजे संशयित दोन उरले, पेट्रोलचा तुटवडा आणि ठिणगीची कमजोरी. दोघांना वेगळं करायला तुमचा चोकच कामाला येईल. सकाळी गाडी बरी जाते याचे दोन अर्थ होऊ शकतात. चोकनं जादा पेट्रोल मिळतं म्हणून ती बरी जात असेल, किंवा इंजिन गार असतं म्हणून. कॉइल आणि मॅग्नेटजवळची, ठिणगीची वेळ सांगणारी पिकअप कॉइल तापली की दगा देते. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, पारा ४२-४३ वर गेल्यावर, हे मी पुष्कळ वेळा पाहिलंय. तेव्हा चोकची परीक्षा गाडी तापलेली असताना घ्या. पंधरा-वीस किलोमीटर चालवून गाडी पुरती तापवा आणि जिथं आवाज हमखास येतो त्या चढाच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला थांबा. चोकचा खटका कार्बोरेटरवरच असेल तर तो थांबूनच अर्धा ओढा. चालत्या गाडीवर खाली वाकून हात घालू नका, त्या रस्त्याला ट्रकची वर्दळ किती असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. मग तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या वेगावरून मूठ अर्धी ते पाऊण पिळत न्या. काही गाड्यांत चोक म्हणजे हवा अडवणारी पाकळी नसते, पेट्रोलची जादा वाट असते. तिचा परिणाम पूर्ण मुठीवर फारसा जाणवत नाही, म्हणून अर्धी ते पाऊण म्हणतोय.

आवाज थांबला किंवा बराच कमी झाला तर पेट्रोल कमी पडतंय, कॉइलच्या मागं लागू नका. काहीच फरक पडला नाही किंवा गाडी आणखी गुदमरली तर ठिणगीकडं वळा. या परीक्षेला पैसा लागत नाही, आणि हिच्याआधी कुणी नवा कार्बोरेटर सुचवत असेल तर तो अंदाज आहे, निदान नव्हे.

आणखी एक गोष्ट मनात मोजा. मूठ पिळल्याबरोबर फट् होतं, की दहा-पंधरा सेकंद नीट ओढून मग? कार्बोरेटरच्या वाटीत थोडंसंच पेट्रोल साठलेलं असतं. टाकीकडून येणारी धार बारीक असेल तर आधी ती वाटी उपसली जाते आणि मग तुटवडा पडतो, म्हणजे आवाज उशिरा येतो. पिळताक्षणी आवाज येत असेल तर दोष बहुधा कार्बोरेटरच्या आत, कार्बोरेटर आणि इंजिनामधल्या रबरात किंवा ठिणगीत असतो.

तुमचं पत्र वाचून माझा कल पेट्रोलकडं आहे, म्हणून तिकडं जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात टाकीच्या झाकणापासून करा. सांगायला संकोच वाटत नाही, कारण हे मी दुसऱ्याचं नुकसान करून शिकलोय. गॅरेज नवं होतं तेव्हा मोहोळकडचे एक शेतकरी अशीच गाडी घेऊन आले. मी जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं, साफ केले, वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची पिन बदलली आणि शेवटी अख्खा कार्बोरेटर बदलायला लावला. ते तीनदा परत आले, दर वेळी कामाचा एक दिवस मोडून. तिसऱ्या खेपेला पेट्रोल बघायला मी झाकण उघडलं आणि 'सुस्स' करून हवा आत ओढली गेली. झाकणातलं हवेचं बारीक भोक कुंभारमाशीनं मातीनं लिंपून टाकलं होतं. पेट्रोल खाली उतरेल तशी वरून हवा आत यायला हवी, ती न आल्यानं टाकीत पोकळी धरत होती आणि धार आटत होती. एका टाचणीचं काम होतं. कार्बोरेटरचे पैसे मी परत केले, त्यांचे तीन दिवस काही परत करता आले नाहीत. तेव्हापासून अशा गाडीला मी पाना लावायच्या आधी झाकण उघडतो.

तुम्हीही पुढच्या वेळी घाटात आवाज सुरू झाला की कडेला थांबून झाकण उघडा आणि कान द्या. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि झाकण लावून निघाल्यावर गाडी थोडा वेळ सुधारली, तर चोर सापडला. भोक टाचणीनं मोकळं करून हवेनं फुंकून घ्या.

ते ठीक असेल तर घरी, उघड्यावर, इंजिन गार असताना कार्बोरेटरकडं येणारी पेट्रोलची नळी काढा आणि तोंड रुंद असलेल्या भांड्यात धार सोडा. आसपास बिडी, देवाची समई, चालू शेगडी काही नको. तुमच्या घरी भाकरीची भट्टी पेटलेली असते, तेव्हा हे अंगणात नव्हे, भट्टीपासून लांब करा. या आकाराच्या इंजिनाला घाटातही मिनिटाला १०० मिलीच्या आतच पेट्रोल लागतं, म्हणजे जाड, अखंड धार पुरून उरते. मिनिटभर बघा. जोरात सुरू होऊन धार थेंबांवर आली तर झाकण उघडून पुन्हा बघा. तेवढ्यानं सुधारली तर भोक, नाही सुधारली तर टाकीखालच्या पेट्रोलच्या कॉकच्या वरची जाळी किंवा मधला फिल्टर तुंबलाय. अकरा वर्षांच्या टाकीत तळाला गंजाचा चुरा साठलेला असणारच. काही गाड्यांचा कॉक इंजिनाच्या ओढीवर उघडतो. तिथं इंजिन बंद असताना धार येणारच नाही, त्याला दोष समजू नका.

त्यानंतर कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर ते पाणी. ही तपासणी आता पूर्वीपेक्षा जास्त गरजेची झाली आहे. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, उसापासून इथेनॉल कसं होतं हे इथल्या माणसाला शिकवायला नको. २०२५ मध्ये देशभरात पेट्रोलमधलं इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत गेलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि प्रमाणाबाहेर पाणी झालं की ते पेट्रोल सोडून पाण्यासकट तळाला बसतं. दुसरी गोष्ट, एक किलो इथेनॉल जाळायला साधारण ९ किलो हवाच पुरते, म्हणजे तेवढ्याच हवेला मिसळीचं पेट्रोल जास्त लागतं. इंजेक्शनच्या नव्या गाडीत सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. तुमच्या कार्बोरेटरचं जेटचं भोक मात्र कारखान्यातून निघालं तेवढंच आहे. त्यामुळं जुनी गाडी मुळातच किंचित कोरडी चालते, आणि पूर्वी खपून गेला असता असा जेटमधला कचरा आता आवाज करून दाखवतो. इथेनॉल एकटं तुमच्या गाडीला फट्-फट् करायला लावेल असं मला वाटत नाही. पण काठावरच्या गाडीला ते पलीकडं ढकलू शकतं.

मेन जेट साफ करायची वेळ आली तर मेस्त्रीला तार घालू देऊ नका. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा झोत, बस्स. तारेनं भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. कोणता जेट कधी काम करतो हेही लक्षात ठेवा. मुठीच्या पहिल्या आठव्या भागापर्यंत पायलट जेट, मधल्या भागात सुई, आणि शेवटच्या पाव भागात मेन जेट. मुठीवर आणि तिच्या शेजारच्या स्विचच्या डबीवर चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावून खुणा करा. फट् झालं तेव्हा मूठ किती पिळलेली होती हे मेस्त्रीला सांगता आलं तर त्याचा तासभर वाचेल.

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर हाताने दाबून, वाकवून बघा. उन्हानं ते तडकतं. तड वरवरची असेल तर चालतं, आरपार असेल तर तिथून चोरटी हवा आत जाते. इंजिन संथ चालू ठेवून त्या रबरावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाजात चढउतार झाला तर हवा शिरतेय. बरेच जण पेट्रोल शिंपडून बघतात. तापलेल्या इंजिनावर ते कधीही करू नका. आणि तुमच्या कार्बोरेटरला वरच्या गोल झाकणाखाली रबरी डायफ्राम असेल तर तो उजेडासमोर धरून बघा. त्याला टाचणीएवढं भोक पडलं तरी मिश्रणाची वाट उघडणारी स्लाइड पुरती उचलली जात नाही आणि गाडी ओढत नाही.

एअर फिल्टर धुळीनं गच्च असेल तर उलटं होतं, पेट्रोल जास्त होतं, काळा धूर येतो आणि प्लग काजळतो. फिल्टर बदलायचा असेल तर बदला, पण काढून टाकून गाडी चालवू नका. मिश्रण आणखी कोरडं होईल आणि रस्त्यावरची धूळ थेट सिलिंडरमध्ये जाईल.

चोकनं काहीच फरक पडला नाही, तर ठिणगीचा रस्ता. प्लगची फट गाडीच्या पुस्तकात दिलेली असते, बहुतेक ०.७ ते ०.८ मिलिमीटर, ती फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्र्यांनी, बघा. मग कॅप काढून वायरीचं टोक तपासा. हिरवट, काळपट झालं असेल तर पाच-सहा मिलिमीटर कापून कॅप पुन्हा पिळून बसवा. रात्री अंधारात गाडी चालू करून लांबूनच बघा. कॅप किंवा वायरीतून निळी ठिणगी इंजिनाकडं उडताना दिसली तर तिथंच गळती आहे. कॅप स्वस्त असते, ती आधी बदला, कॉइल नंतर. इंजिन चालू असताना वायरीला हात लावू नका, आणि प्लग इंजिनाला टेकवल्याशिवाय किक मारू नका, सीडीआय, म्हणजे ठिणगीची वेळ सांभाळणारा डबा, जाऊ शकतो. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, त्यामुळं ठिणगी बघताना प्लग त्या भोकापासून दूर टेकवा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तिथली वायरिंगही हलवून बघा. गळ्याशी आतून तुटत आलेली वायर मी बऱ्याच जुन्या गाड्यांत पाहिली आहे.

दोन्ही वाटा कोऱ्या निघाल्या आणि शिंक मांडीजवळूनच येत असेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांमधली ठरलेली फट, बघा. खरं तर ७८ हजारांवर एकदा बघायलाच हवेत. टॅपेट आवळले गेले की गाडी तापल्यावर इनलेट व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि ज्वाळा मागं निसटते. हे काम गार इंजिनावर, पुस्तकातल्या मापानं. आवळलेला टॅपेट आवाज करत नाही, म्हणून 'टॅपेटचा आवाज नाही, म्हणजे ठीक आहे' असं कुणी म्हटलं तरी माप घ्यायला लावा.

सायलेन्सरची, धूर स्वच्छ करणारी जाळी काढायचा सल्ला मात्र साफ विसरा. ती आवाजाचं कारण नाही. ती तुंबली असती तर गाडी दबून चालली असती, फट्-फट् केलं नसतं. ती काढल्यानं धूर वाढेल, आवाज वाढेल, पोलीस अडवतील, आणि मूळ दोष तसाच राहील. उलट दोष लवकर काढला नाही तर न जळलेलं पेट्रोल त्याच जाळीत पेटून ती वितळवेल. मूठ सोडताना, उतारावर, जो बारीक पट्-पट् आवाज येतो तो वेगळा, बहुतेक इंजिनाकडून सायलेन्सरला जाणाऱ्या बेंड पाइपच्या वॉशरमधून हवा शिरल्याचा. तुमची तक्रार ती नाही.

काहीही करा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच चढावर, तेवढाच माल बांधून गाडी चालवून बघा. एका दिवशी जेट, प्लग आणि कॅप तिन्ही बदललं तर गाडी सुधारेल कदाचित, पण कशानं ते तुम्हाला कळणार नाही आणि सहा महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात कराल. दुरुस्ती होईपर्यंत त्या रस्त्यावर ओलांडाओलांडी बंद ठेवा. ट्रकच्या बरोबरीला आल्यावर गाडीनं दचका दिला तर मागंही जाता येत नाही आणि पुढंही. पंधरा मिनिटं आधी निघा, चटणी तेवढ्यानं शिळी होत नाही.

चोक अर्धा ओढल्यावर काय झालं, मूठ पिळल्यापासून किती सेकंदांनी फट् झालं आणि झाकण उघडताना हवा ओढली गेली का, या तीन गोष्टी मला कळवा. प्लग काढला तर त्याच्या टोकाचा रंगही लिहा, पांढरट, विटकरी की काळा. पांढरट असेल तर रबर आणि मेन जेट तपासल्याशिवाय घाटात माल नेऊ नका.